कुंकवाच्या डबीतला प्रसाद

आई,

आज रविवार. चर्चमधून आले ती तशीच लिहायला बसले आहे. परवा तुमचं तेरावं झालं. कढी आंबट झाली होती. अविनाशनं ती दोनदा वाढून घेतली आणि मुकाट खाल्ली, त्यावरूनच मला कळलं. तुम्ही असता तर पहिल्या भुरक्याला मला सुनावलं असतं आणि दुसऱ्या भुरक्याला पाहुण्यांपुढे माझी बाजू घेतली असती. तुमचं हे नेहमीचंच. घरात ठोकायचं आणि चारचौघांत पाठीवर हात ठेवायचा. आता आंबट कढी लोक गुपचूप खातात. घर इतकं सभ्य झालंय की मला त्यात राहवत नाही.

तुम्हाला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक, आपलं गाडीतलं भांडण अजून मिटलेलं नाही. तुम्ही गेलात म्हणून ते मिटलं असं मी धरणार नाही. दुसरी गोष्ट आज चर्चमध्ये घडली. ती शेवटी सांगते, आधी सांगितली तर पुढचं माझ्याच्यानं लिहवणार नाही.

मी जालन्याची, कॅथलिक घरातली मुलगी. माहेरी रविवारी चर्चमध्ये मिस्सेला जाणं म्हणजे अख्ख्या घराची वरात. काका, काकू, आम्ही भावंडं, एका बाकावर मावत नसू. कोर्टात लग्न करून रायपूरला, समता कॉलनीतल्या तुमच्या घरी आले आणि माझ्या देवाची या घरात मी एकटीच उरले. अविनाशनं लग्नाआधीच सांगून टाकलं होतं की त्याला ना तुमच्या देवळात ओढायचं ना माझ्या चर्चमध्ये. सिलतऱ्याच्या कारखान्यात आठवडाभर भट्टीपुढे उभा राहणारा माणूस रविवारी झोपतो, तोच त्याचा धर्म. बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले, त्यांचं जग म्हणजे रेडिओ आणि सुपारी. आणि तुम्ही तर माझ्याशी बोलतच नव्हता. मीठ संपलंय, दूधवाला आला नाही, हे तुम्ही ओट्याला सांगायचात आणि मी ते ओट्याकडून ऐकायची.

मग एका रविवारी मी निघाले तर तुम्ही दारात चप्पल घालून उभ्या. सोबत कोण आहे, असं विचारलंत. मी म्हटलं, कोणी नाही.

"बाईमाणसानं देवाच्या दारी एकटं जाऊ नाही," तुम्ही म्हणालात. "चाल."

माझ्याकडे बघून बोललेलं तुमचं ते पहिलं वाक्य. त्यानंतर तुमचा रविवार चुकला नाही. मी क्वायरमध्ये गायची, म्हणून सगळ्यात पुढे, पेटीशेजारी. तुम्ही सगळ्यात मागे, दाराजवळच्या बाकावर, पंख्याखाली. मिस्सा संपली की पायऱ्यांवर भेटायचात आणि घर येईपर्यंत माझ्या गाण्याची चिरफाड करायचात. तुम्हाला त्यातलं हिंदीसुद्धा अर्धंच कळायचं, पण माझा सूर कुठे घसरला ते बरोबर कळायचं. फादरांच्या प्रवचनाबद्दल तुमचं एकच मत होतं: माणूस चांगला आहे, पण लग्न नाही, लेकरू नाही, तर याला संसाराचं काय ठाऊक. हे तुम्ही त्यांच्या तोंडावरही सांगितलंत. ते हसले होते.

माझी लेक, आपली स्नेहा, लहानपणी तापानं फणफणली होती ना, तेव्हा मी नवस बोलले होते. ती उठली आणि त्याच वर्षी आमच्या चर्चमधली माणसं केरळातल्या त्या टेकडीवरच्या चर्चला निघाली. नवस म्हटल्यावर तुम्हाला काही समजावून सांगावं लागलं नाही. सून नवस फेडायला एकटी जाणार नाही, हे तुम्ही बाबांना परस्पर सांगूनही टाकलंत. बाबांच्या गोळ्या, स्नेहाची शाळा, सगळं शेजारच्या काकूंच्या गळ्यात घातलंत आणि लाडू बांधून माझ्या आधी तयार.

गाडीत मी तुम्हाला त्या जागेची हकिगत सांगितली. मिस्सेत फादर भाकरी वर उचलतात, पांढरी, पातळ, रुपयाएवढी. त्यांनी आशीर्वाद दिला की ती आमच्यासाठी भाकरी राहत नाही, ख्रिस्ताचं शरीर होते. खूण नव्हे, खुद्द तोच. त्या टेकडीवर फार वर्षांपूर्वी अशीच भाकरी वर उचलली आणि सगळ्यांच्या देखत तिच्यावर रक्त दिसलं. ती त्यांनी जपून ठेवली आहे आणि लोक तिच्या दर्शनाला येतात. खरं की खोटं हे तुम्ही विचारलं नाहीत. तुम्हाला चमत्कारांचं अप्रूप नव्हतं. तुमच्या मते देव म्हटला की एवढं तो करणारच.

टेकडीवर काय गर्दी होती. सोन्याच्या किरणांची चौकट, मध्ये काच, काचेमागे तो तुकडा. माणसं गुडघ्यांवर येत होती, कोणी रडत होतं. मीही रडले. तुम्ही हात जोडून बराच वेळ उभ्या होता. मला वाटलं, तुम्हालाही काहीतरी झालं. बाहेर आल्यावर तुम्ही विचारलंत, खायची वस्तू कुलपात काहून ठेवली. मी चिडले. हे पुढच्या भांडणाचं बी, पण मला तेव्हा दिसलं नाही.

मग मोठी मिस्सा झाली. आमच्या बायकांना गायला पुढे बोलावलं, तुम्ही अंगणातल्या गर्दीत राहिलात. ती भाकरी वाटायची, ख्रिस्तप्रसादाची वेळ आली, रांगा लागल्या. तुमचं मी समजू शकते. आयुष्यभर जिथं देवापुढे रांग लागते आणि लोक हात पुढे करतात तिथं तुम्हीही हात पुढे केलात. रायपूरला तुम्ही बाकावरून उठत नसा, कारण मी सांगितलं होतं तुम्ही बसा. तिथं सांगायला मी नव्हते. डोक्यावर पदर घेतलेली म्हातारी, तशा तिथं शेकडो होत्या. त्या अनोळखी फादरांनी तुमच्या हातावर प्रसाद ठेवला.

तो तिथल्या तिथं खायचा असतो. पण तुम्ही कुठल्या देवळातला प्रसाद घरच्यांना सोडून तोंडात टाकला आहे? एवढासा तर होता. पदराच्या गाठीत चुरा होईल म्हणून तो कुंकवाच्या डबीत ठेवलात आणि डबी कमरेला खोचलीत. मला काही बोलला नाहीत. घरी पोचल्यावर सगळ्यांना चकित करायचं, असा बेत असणार.

परतीच्या गाडीत बल्लारशा आलं, फलाटावर मराठी ऐकू आली आणि तुम्ही एकदम तजेलदार झालात. तोंड धुऊन आलात, केस सारखे केलेत आणि कुंकू लावायला डबी उघडलीत. समोर लीलाम्मा आंटी बसल्या होत्या, आपल्या चर्चमधल्या निवृत्त नर्स. त्यांनी डबीत पाहिलं. पांढऱ्या प्रसादावर लाल डाग, कडेला लाल ओघळ. त्या दोन बाकांच्या मधल्या जागेत गुडघ्यांवर बसल्या आणि रडायलाच लागल्या. प्रभूचं रक्त, प्रभूचं रक्त, असं हिंदीत म्हणत होत्या. पलीकडच्या कप्प्यातून आपली माणसं आली. एकानं टोपी काढली. मला काही कळेना, माझेही गुडघे वाकले होते.

तुम्ही सगळ्यांकडे पाहिलंत आणि म्हणालात, "कुंकू आहे बाई ते. माह्या डबीतलं."

तुम्ही गप्प बसला असता तर आज त्या डबीचंही दर्शन चाललं असतं, असं मी नंतर कितीदा चेष्टेत म्हटलं. तुम्ही हसायचा नाहीत. खोट्यानं देव मोठा होत नाही, एवढंच म्हणायचात.

तेव्हा मात्र मी हसण्याच्या अवस्थेत नव्हते. जालन्याला लहानपणी प्रसाद दाताला लागू देऊ नये म्हणून आम्ही जीभ आवरून बसायचो, आणि इथं तो गाडीच्या बाकावर, डबीत, कुंकवात. मी तुमच्याकडे डबी मागितली. तुम्ही ती पदराखाली घेतलीत. म्हणालात, घरच्यांचा आहे. चार तुकडे करीन: यायले, अविनाशले, स्नेहाले अन् तुले. यायले म्हणजे बाबांना. स्वतःचा तुकडा तुम्ही धरलाच नव्हता. मी समजावलं की ज्यांचा बाप्तिस्मा झाला आहे आणि जे हे मानतात त्यांनीच तो घ्यायचा, घरी न्यायचा नाही, वाटायचा नाही. आता मलाच तो खाऊन टाकायला हवा. लीलाम्मा आंटीही हात जोडून तेच म्हणत होत्या.

"तुमचा देव एकट्यानंच खायाले सांगते का?" तुम्ही मला विचारलंत. "माह्या घरात कोणी एकट्यानं नाही खात."

मी म्हटलं, आई, हा नियम आहे. तुम्ही डबी माझ्या मांडीवर ठेवलीत आणि खिडकीकडे तोंड केलंत. मी तो प्रसाद खाल्ला, कुंकवासकट. कडवट लागला. गोंदिया आलं, गेलं, राजनांदगाव, दुर्ग. तुम्ही रायपूर येईपर्यंत वळून पाहिलं नाहीत. त्या गाडीत माझी इतकी माणसं होती, सगळी माझ्या बाजूची. पण माझ्या घरचं माणूस एकच होतं आणि त्याची माझ्याकडे पाठ होती.

मी चुकले असं मला आजही वाटत नाही, हे स्पष्ट सांगते. पुन्हा ती वेळ आली तर पुन्हा तेच करीन. पण तुमचा प्रश्न मी तेव्हा ऐकलाच नाही. मी नियम सांगितला. तुम्ही काही नियम विचारला नव्हता. तुम्ही विचारलं होतं की या घरातली एक बाई दर रविवारी एकटी देवाच्या ताटावर बसते, ते देवाला कसं चालतं. हे मला समजायला फार वर्षं लागली.

पुढच्या रविवारी मला वाटलं, तुम्ही येणार नाही. मी मुद्दाम आवाज न करता निघाले, तर तुम्ही दारात. भांडण भांडणाच्या जागी, असं तुमच्या चेहऱ्यावर लिहिलेलं. मी तुम्हाला एक वाटही सांगितली होती. ज्यांना प्रसाद घेता येत नाही त्यांनी छातीवर हातांची फुली करून रांगेत यायचं, फादर डोक्यावर हात ठेवतात. तुम्ही म्हणालात, डोक्यावर हात ठेवून घ्यायला तुम्ही काही लहान पोट्टी नाही. बसाल ते बाकावर बसाल. मग बाबा गेले. स्नेहा मोठी झाली, तुम्ही मराठीत ओरडायचात आणि ती हिंदीत उलटून बोलायची. आपले रविवार चालूच राहिले. मी पुढे गात राहिले, तुम्ही मागे.

शेवटच्या महिन्यात तुम्हाला पायऱ्या चढवेनात. डॉक्टरांनी अविनाशला बाजूला घेऊन काय सांगितलं ते तुम्हाला कोणी सांगितलं नाही, आणि ते तुम्हाला सगळ्यांच्या आधी माहीत होतं. फादर घरी आले. त्यांनी तुमच्यासाठी प्रार्थना केली, तुम्ही त्यांना चहा घेतल्याशिवाय सोडलं नाहीत. तुम्हाला प्रसाद देता येईल का, हे मी त्यांना दारापाशी गाठून विचारलंच. ते हळूच म्हणाले, त्यांची इच्छा असेल तर बाप्तिस्मा देता येईल. तुमचे कान किती तिखट. आतून आवाज आला, "या वयात मी घर नाही बदलत, फादर. अन् हिले एकटीले पाहवत नाही. दोन्ही खरं आहे." फादर बराच वेळ जोडे घालत राहिले.

मग तुमच्या शेवटच्या रविवारी तुम्ही मला जवळ बोलावलंत. म्हणालात, तू जा, खा, अन् सीधी माह्यापाशी ये. रस्त्यात कुठं थांबू नको, कोणाशी बोलू नको.

मी गेले. रांगेत उभी राहिले, हात पुढे केला, प्रसाद हातावर आला आणि माझी मूठ मिटली. आई, खरंच मिटली. पदर होता, रुमाल होता, घर फार लांब नव्हतं. फादर माझ्याकडे पाहत थांबले होते. मागची बाई माझ्या खांद्याला टेकली, तेव्हा मी मूठ उघडली आणि तो तोंडात घातला. रिक्षात कोणाशी बोलले नाही. ओठ मिटून घरात आले आणि तुमच्या खाटेवर बसले. तुम्ही माझा हात घेऊन आपल्या गालाखाली ठेवलात आणि डोळे मिटलेत. अविनाश दारात उभा होता, त्याला वाटलं आपण दोघी रडतोय. मी रडत होते. तुम्ही समाधानानं पडून होता, पोटभर जेवलेलं माणूस पडतं तशा. त्या आठवड्यातच तुम्ही गेलात.

तेव्हा मूठ उघडली ते बरोबर केलं का, हे मला विचारायचं होतं. विचारणार तरी कशी? उत्तर द्यायला तुम्ही बसला असता तर पुन्हा भांडणच झालं असतं.

आता आजचं सांगते.

गळा साथ देईना म्हणून मी क्वायरमध्ये गेले नाही. तुमच्या बाकावर, पंख्याखाली बसले. मला वाटलं, इथं कोणाचं लक्ष जाणार नाही, निवांत रडता येईल. ख्रिस्तप्रसादाची वेळ झाली, लोक उठायला लागले. मीही उठणार तोच एका बाईनं आपली पर्स माझ्या मांडीवर ठेवली आणि गेली. मला वाटलं, चुकून. मग दुसरी आली. तिनं पर्स आणि मोबाइल ठेवला. एका पोरानं हेल्मेट ठेवलं. लीलाम्मा आंटींनी छत्री दिली. तेलीबांध्याकडून येणारी एक तरुण मुलगी आहे, मी तिला फक्त लांबून पाहिलेलं, तिनं झोपलेलं बाळ माझ्या हातात दिलं. मी तिच्याकडे बघतच राहिले. ती संकोचून म्हणाली, "दादी के पास ही रखते थे हम लोग."

इतकी वर्षं हे चाललं होतं आणि तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत. मी समजत होते तुम्ही मागे बसून डुलक्या घेता.

मांडीवर एवढं सामान, हातात बाळ, मला उठता येईना. सगळं चर्च उठून पुढे गेलं. मागच्या बाकावरून वेदी दिसत नाही, आई. क्वायर तर मुळीच दिसत नाही. मी गाताना कशी दिसते हे तुम्ही कधी पाहिलंच नसणार. नुसत्या पाठी दिसतात, एकामागे एक, आणि सगळ्या लांब जाणाऱ्या. बाळाचं नाक वाजत होतं. मी त्याला धरून बसले होते आणि माझ्या आजूबाजूची सगळी बाकं रिकामी होती.

मग लोक परत आले. प्रसाद तोंडात असला की बोलायचं नाही, म्हणून कोणी काही बोललं नाही. मान हलवून एकेकानं आपली पर्स उचलली, छत्री उचलली, आईनं बाळ घेतलं. फादरांनी उरलेला प्रसाद कपाटात ठेवून दार लावलं. माझी रांग चुकली. जन्मात पहिल्यांदा मी मिस्सेला जाऊन न जेवता बसून राहिले.

मला वाटायचं, देवाच्या ताटावर मी एकटी आहे. माझ्यासोबत तर सगळं चर्च असायचं. एकट्या तुम्ही होता, आणि तरीही दर रविवारी कोणी न बोलावता चप्पल घालून निघायचात, कारण मला एकटं वाटू नये.

तुमचे फार उपकार आहेत. तुमची फार आठवण येते. घरात बोलायला माणसं आहेत, भांडायला कोणी नाही.

पायऱ्या उतरताना तुम्ही चिरफाड सुरू करण्याआधी दर वेळी एकच विचारायचात, जेवली का तू? मी हो म्हणायची. आज पायऱ्यांवर मी जरा थांबले. कोणी विचारलं नाही, आणि आज मी जेवले नव्हते.

तुमची,
मार्था